बेळगावात आईवडिलांना केअर होममध्ये ठेवताय? आतला दिवस कसा जातो ते सांगते

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बेळगाव शहराला लागूनच असलेल्या एका वृद्धाश्रमात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करते. आमच्याकडे चालतेफिरते आजी-आजोबा आहेत, तसे अंथरुणाला खिळलेलेही आहेत.

"बेळगावात चांगला आश्रम कुठला?" हा प्रश्न इथे सारखा येतो. खाली उत्तरं येतात ती खोली हवेशीर आहे, बाग आहे, देऊळ जवळ आहे, अशी. ते सगळं असावंच. पण तुमच्या आईचा दिवस बागेवर ठरत नाही. तो तिला उठवणाऱ्या, धुणाऱ्या आणि भरवणाऱ्या मावशीवर ठरतो. म्हणून आधी तो दिवस कसा असतो ते लिहिते. जागा कशी निवडायची ते त्यावरून तुमचं तुम्हालाच कळेल.

आमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. रात्रीच्या मावशी अंथरुणावरच्यांची फेरी घेतात. डायपर बदलायचा, कोमट पाण्याने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, मग कूस बदलायची. कोरडं करणं हे पुसण्याइतकंच महत्त्वाचं. कंबरेखालचं माकडहाड, टाचा, खुबे, कोपर या जागा ओल्या राहिल्या आणि त्यावर तासन् तास भार पडला की कातडी आधी लाल होते, मग फाटते. बेडसोर व्हायला आठवडा लागत नाही. भरायला मात्र महिने जातात.

पावसाळ्यात ही फेरी जड जाते. जूनपासून बेळगावचा पाऊस लागला की चादरी वाळत नाहीत आणि सोलरचं पाणी तापत नाही. ज्या जागी जास्तीच्या चादरींचा साठा नाही आणि पाणी तापवायची दुसरी सोय नाही, तिथे ओलसर चादरीवर माणूस झोपवला जातो. मी बघितलंय.

सहाला चहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक आजोबा त्याआधीच दाढी करून, बूट घालून खुर्चीत बसलेले असतात. त्यांचा चहा पाच मिनिटं उशिरा आला तरी त्यांना चालत नाही, आणि आम्हीही तो उशिरा जाऊ देत नाही. मग साखर तपासणं, आणि नाष्ट्याच्या जरा आधी इन्सुलिन. इथे एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. इन्सुलिन दिल्यावर नाष्टा झालाच पाहिजे. म्हातारं माणूस कधी रुसतं, कधी तोंडच उघडत नाही. "खाल्लं नाही" हे मावशीने सिस्टरला वेळेवर सांगितलं नाही तर दहा वाजता साखर उतरून घाम फुटतो, माणूस बरळायला लागतं.

आठला पाळी बदलते. रात्रीच्या बायका दिवसाच्या बायकांना प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगतात: ह्यांना झोप नाही, ह्यांना दोन दिवस संडास नाही, ह्यांच्या टाचेला लाली दिसते. हे सांगणं खाटेपाशीच व्हायला हवं, टेबलावर बसून नव्हे.

नऊला उप्पीट, पोहे, ज्यांना चावत नाही त्यांना नाचणीची आंबील. नंतर आंघोळी. दिवसातला सगळ्यात धोक्याचा तास हाच. ओली फरशी, साबण, आणि "मला जमतंय, तू सोड" म्हणणारे आजोबा. त्यांना स्टुलावर बसवून, नळाशेजारच्या दांडीला धरायला लावून, पाठ तेवढी आपण चोळायची आणि बाकीचं त्यांना करू द्यायचं. सगळंच आपण केलं तर वेळ वाचतो, पण महिन्याभरात त्यांचे हात उचलायचे बंद होतात.

मग पेपर. 'तरुण भारत'च्या दोन प्रती येतात तरी ओढाओढ होते. निधनवार्ता पहिल्यांदा वाचल्या जातात. कोण गेलं, कुठल्या गल्लीतलं, कोणाचा व्याही, यावर दुपारच्या जेवणापर्यंत चर्चा. बाहेरच्यांना हे उदास वाटतं. मला तसं वाटत नाही. आपलं गाव आपल्याला अजून माहीत आहे, ही खात्री त्यात असते.

संध्याकाळ अवघड. स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल दिवे लागायच्या वेळेला वाढते. आमच्याकडे वडगावचे एक विणकर आजोबा आहेत. बायको कधीच गेली हे त्यांना आठवत नाही, पण बोटांना माग आठवतो. पाच वाजले की चादरीचा काठ चिमटीत धरून तुटलेला धागा जोडल्यासारखी गाठ मारत राहतात, आणि ती सुटली की चिडतात. एका मावशीने घरून सुताची लड आणून दिली. आता ते तासभर गाठी मारतात, ती शेजारी बसून डाळ निवडते. त्यांची संध्याकाळची शांत करायची गोळी डॉक्टरांनी नंतर कमी केली.

रात्रीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. ड्युटीची वेळ झाली.

शहापूरकर

ताई, वाचून गलबलून आलं बगा. आमच्या घरी माग होते. अण्णा शेवटी शेवटी अंथरुणातनं हात तसाच हलवायचे. आमाला वाटायचं वात झालाय. कांडी संपली की धोटा थांबवून नवी घालायची, तेच ते करालते असणार. हे तवा कळलं असतं तर हातात काहीतरी दिलं असतं की.

ते सुताचं काम करणाऱ्या मावशीला आमच्याकडनं नमस्कार सांगा. सूत लागलं तर आमच्या गल्लीत अजून मिळतंय, मी पाठवतो.

पुण्यातून

माझा प्रश्न थेट आहे. बाबा अनगोळला एकटे, वय ७८. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट. मी पुण्यात, बहीण हिंडलग्याला. पुण्यात आणून ठेवू की बेळगावातच? बेळगावात कर्मचारी कन्नड बोलणारे असले तर बाबांचं काय, ही भीती आहे. त्यांना कन्नड येतं, पण आता मराठीसुद्धा नीट निघत नाही.

रात्रपाळी

@पुण्यातून, बहीण हिंडलग्याला आहे ना? मग बेळगावात ठेवा. महिन्यातून एकदा येणाऱ्या मुलापेक्षा आठवड्यातून दोनदा, न सांगता, वेगवेगळ्या वेळी डोकावणारी बहीण बाबांना जास्त राखेल.

भाषेचं म्हणाल तर बेळगाव, खानापूरकडच्या बहुतेक मावशी दोन्ही बोलतात. बैलहोंगलकडून आलेली एखादी फक्त कन्नड बोलते. आमच्याकडे तशी एक आहे. "ऊटा आतेन्री अज्जा?" (जेवण झालं का आजोबा?) म्हणत भरवते आणि तिच्या हातून जेवढं खाल्लं जातं तेवढं माझ्या हातून जात नाही. झटक्यानंतर माणसाला आवाजाचा सूर आणि चेहरा जास्त कळतो. पण दुखतंय कुठे, संडास झाली का, हे विचारायला प्रत्येक पाळीत मराठी समजणारं एक तरी माणूस हवंच. ते विचारून घ्या. आणि संमतीपत्र कन्नडमध्ये असलं तर ते मराठीत वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. कोणी नाही म्हणत नाही. घाईत कोणी मागत नाही, एवढंच.

बाबांच्या बाबतीत सगळ्यात आधी गिळणं. झटक्यानंतर पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो का? तसं असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. भरवताना पूर्ण ताठ बसवायचं, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. नाकातून नळी असली तरी डोकं वर ठेवूनच भरवायचं. तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा जेवणाच्या वेळेला जा आणि एका माणसाला भरवायला मावशी किती वेळ देते ते बघा. पाच मिनिटांत ताट रिकामं होत असेल तर बाबांना तिथे ठेवू नका.

आता रात्र. मी रात्रपाळीच जास्त केली, म्हणून नावही तेच घेतलं.

हिशोब मांडते. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. दोघींनी मिळून, डायपर बघत, चादर ओढून सारखी करत एकाला दहा मिनिटं लागतात. अशी दहा माणसं असली तर शंभर मिनिटं. म्हणजे फेरी संपली की वीस मिनिटांत दुसरी सुरू. त्या वीस मिनिटांत कोणाला बाथरूमला न्यायचं, कोणी उठून भिंत धरत निघालेलं असतं त्याला परत आणायचं, कोणाची लघवीची पिशवी भरलेली असते. दोनच बायका असतील तर कुठली तरी फेरी चुकणारच. त्यांचा आळस नसतो तो, दोन हात कमी असतात.

म्हणून "रात्री किती जण असतात आणि अंथरुणावरचे किती?" हा प्रश्न आधी विचारा. दुसरं, कुशीचा तक्ता दाखवा म्हणा. खाटेला लावलेला असतो, वेळ, डावी-उजवी-पाठ, सही. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका दमात मारल्यासारख्या दिसल्या तर ओळखा. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायला लागत नाही असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. गादी मदत करते, हातांची जागा घेत नाही.

चंदगडी

माझी आई बेळगावात अशाच एका ठिकाणी मावशीचं काम करते, म्हणून लिहायला बसले.

आम्ही शिनोळीच्या बाजूचे, म्हणजे हद्दीच्या अलीकडे, महाराष्ट्रात. आई सकाळी सहाला निघते. तिच्याबरोबर काम करणारी उचगावची मावशी शक्ती योजनेत फुकट जाते, कारण तिचं आधार कर्नाटकातलं. जून २०२३ पासून तिथल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही. आईला ते लागू नाही. आमच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, आणि तेही एसटीची वेळ जमली तर. काम तेच, पगार तोच, आणि महिनाअखेर आईच्या हातात कमी राहतं. कोणाला दोष देत नाही, हद्दीवर राहणाऱ्यांचं हे असंच असतं.

बारा तासांची पाळी. बदली मावशी आली नाही तर तीच पुढे चालू. आईची कंबर दोन वर्षांत गेली. माणूस काखेत हात घालून ओढायचा, असंच तिला पहिल्या दिवशी दाखवलं होतं. नंतर आलेल्या एका सिस्टरने शिकवलं की अंगाखाली आडवी चादर घालायची, दोघींनी दोन बाजूंनी धरायची, गुडघे वाकवायचे आणि एकदम सरकवायचं. त्याने आजींच्या खांद्यालाही इजा होत नाही आणि उचलणारीच्या कंबरेलाही. एवढी साधी गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवायला काय जातं?

घरच्यांना एक विनंती. भेटायला आलात की मावशीला नावाने हाक मारा. आई सांगते, काही लोक वर्षभर येतात, तिने त्यांच्या आईचं सगळं केलेलं असतं, पण बोलतात ते फक्त ऑफिसात.

रात्रपाळी

@चंदगडी, तुझ्या आईला माझा नमस्कार. तू लिहिलंस ते मी लिहायला हवं होतं.

मंडळी, जागा बघायला गेलात की मावशींना विचारा, इथे किती वर्षं आहात? बहुतेक जणी दोन-चार महिन्यांच्या असतील तर तिथे बायका टिकत नाहीत. आणि बायका टिकत नाहीत तिथे तुमच्या आईला दर वेळी नव्या हातांची सवय करून घ्यावी लागते. साप्ताहिक सुट्टी मिळते का, हेही विचारा. मालकाला हा प्रश्न आवडणार नाही, तरी विचारा.

निपाणीची सून

सासूबाईंना ठेवून तीन महिने झाले. आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं, आता दम आणि विसरभोळेपणा. मी नोकरीला, हे फिरतीवर, घरी पडल्या त्या दिवशी चार तास फरशीवर होत्या. म्हणून ठेवलं. गल्लीतले अजून तोंड वाकडं करतात.

भेटायला गेले की त्या पिशवी भरून बसलेल्या असतात. "चल, घरी जाऊ." मी दर वेळी समजावते की हेच आता घर, आणि दर वेळी रडारड. गेल्या आठवड्यापासून रात्री झोपतच नाहीत म्हणे, भिंतीशी बोलतात. तिथले म्हणतात आजार वाढला. काय करू?

रात्रपाळी

@निपाणीची सून, आधी दुसरं सांगते, ते तातडीचं आहे. आठवड्याभरात एकदम असा बदल झाला तर "आजार वाढला" म्हणून सोडायचं नाही. स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो. चार दिवसांत माणूस बदललं तर बहुतेक वेळा आत काहीतरी दुसरं चाललेलं असतं. म्हाताऱ्या माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर कधी कधी जळजळ, ताप काही नसतं, नुसता गोंधळ वाढतो. लघवी तपासा. पाणी किती पितात ते बघा, या वयात तहान कमी लागते. संडास साफ होते का, नवीन गोळी सुरू झाली का, हे विचारा. दमा आहे तर बोटाला लावून ऑक्सिजन बघायला सांगा. हे उद्याच करा. झोपेची गोळी वाढवून घेऊ नका, त्याने रात्री तोल जातो आणि खुबा मोडतो.

घरी जायचं म्हणतात त्यावर वाद घालू नका. "हेच घर" हे त्यांना पटणार नाही. "घरी काय काय आहे सांगा की" असं विचारा. परसातलं झाड, वखारीतल्या मैत्रिणी, जे निघेल ते. पिशवी भरलेली असली तर ती उघडून एकेक वस्तू बघत बसा. आणि निघताना "येते हं आत्ता" असं खोटं सांगून सटकू नका. जेवण यायच्या वेळेला निघा, म्हणजे त्यांचं लक्ष ताटाकडे असतं आणि मावशी शेजारी असते.

गल्लीचं सोडा. त्या चार तासांत गल्लीतलं कोणी आलं होतं का?

निपाणीची सून

लघवीत संसर्ग निघाला. औषध सुरू केलंय. काल रात्री सलग झोपल्या.

ताई, काय लिहू कळत नाही.

मलप्रभाकाठ

खानापूर तालुक्यातनं लिहितोय. विषय थोडा बाजूचा आहे. आमच्या चुलत्यांनी घर पुतण्याच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं, "शेवटपर्यंत सांभाळतो" म्हणाला म्हणून. आता त्याने आश्रमात टाकलं आणि दोन महिन्यांचे पैसेही भरले नाहीत. आश्रमवाले चांगले आहेत, काढत नाहीत, पण त्यांनी तरी किती दिवस थांबायचं? चुलत्यांना मूलबाळ नाही.

तिसरं गेट

@मलप्रभाकाठ, कोर्टात न जाता मार्ग आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा, २००७. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्या नातेवाइकाकडून पोटगी मागता येते. कायद्यातली कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. अर्ज उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरांच्या न्यायाधिकरणाकडे. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल, चिकोडी असे तीन उपविभाग आहेत, खानापूर बेळगावकडे येतं. चुलत्यांना फिरता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, म्हणजे तुम्हीही.

घरासाठी कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही तर तो व्यवहार न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. अडचण अशी की बक्षीसपत्रात ती अट लिहिलेली असेल तर काम सोपं, नुसत्या तोंडी वचनावर अवघड. पत्राची नक्कल काढा आणि सोबत सांभाळायचं लिहून दिलेला वेगळा कागद आहे का ते घरात शोधा. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आईला मुलाकडून मालमत्ता परत मिळवून दिली, त्यात असा वेगळा कागद उपयोगी पडला होता.

ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन फुकट आहे, तिथेही सांगा. चुलते सत्तरीच्या वर असतील तर दवाखान्यातल्या फुकट उपचारांसाठीचं आयुष्मान कार्डही काढून ठेवा. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही.

जे अजून बक्षीसपत्र करणार आहेत त्यांनी अट लिहूनच करावं. मुलगा सोन्यासारखा असला तरी.

मलप्रभाकाठ

आभारी आहे. नक्कल काढायला सोमवारी जातो.

पुण्यातून

ताई, बहीण दोन ठिकाणी जेवणाच्या वेळी जाऊन आली. पहिल्या ठिकाणी बाग छान होती, पण भरवणारी एकच बाई सहा जणांच्या मधोमध फिरत होती. दुसरीकडे इमारत जुनी, मावशी सात-आठ वर्षांच्या, तक्ता त्यांनी स्वतःहून दाखवला. दुसरी ठरवली. रविवारी बाबांना नेतोय. बरोबर काय द्यायचं?

रात्रपाळी

कपडे समोरून उघडणारे, नाडीऐवजी इलॅस्टिकचे, प्रत्येकावर नाव. पावसाळा आहे, जोड जास्त द्या. चष्मा, कवळी आणि कवळीची डबी, त्यावरही नाव. सोनं-नाणं नको. सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि डिस्चार्जचा कागद.

आणि एक कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, खाटेशेजारी चिकटवायला. त्यावर लिहा: घरात काय म्हणून हाक मारतात, कुठल्या कुशीवर झोप लागते, चहात साखर किती, संडासला जायची नेहमीची वेळ, अंधारात झोपतात की दिवा लागतो, कशाची भीती आहे, आयुष्यभर काय काम केलं. दुखतंय हे ते कसं दाखवतात तेही लिहा, कपाळाला आठ्या घालून की हात आवळून, कारण तोंडाने सांगणं आता त्यांना जमणार नाही.

रविवारी सकाळी न्या, संध्याकाळी नको. पहिल्या रात्री कोण मावशी असणार ते विचारून ठेवा आणि बहिणीला तिच्याशी बाबांच्या समोर ओळख करून घ्यायला सांगा.